अधिकृत स्पर्शस्थळ

माणसाला एखाद्या गोष्टीवर मनापासून प्रेम करायचे असेल, तर तिच्यापाशी पोहोचल्यावर गाडी लावायला जागा मिळणे आवश्यक असते. आमच्या नदीच्या बाबतीत हे सत्य फार उशिरा लक्षात आले. ती बिचारी कित्येक शतके पार्किंगशिवाय वाहत होती. लोक यायचे, पाण्यात पाय सोडून बसायचे आणि मनाला येईल तेव्हा उठून घरी जायचे. त्याची कुठे नोंद नाही, की कुणाची सही नाही. असल्या बेशिस्त प्रेमाने जगातली कोणतीही नदी वाचलेली नाही.

म्हणून आम्ही 'नदी पायवाट, जलवाट व संवर्धन समिती' स्थापन केली. मी तिचा चिटणीस. अध्यक्ष शहरातले मोठे फरशीवाले आहेत. समितीचे तत्त्व अगदी सरळ आहे. लोक नदीकाठाने चालले, नदीतून होड्या वल्हवू लागले, की त्यांना नदीचा लळा लागतो. लळा लागला की ते तिची काळजी घेतात. आणि लोक काळजी घेताना दिसले, की वरच्या कार्यालयाकडून समितीला दर्जा मिळतो. (दर्जा मिळाल्यावर नदीचे काय होते, असा प्रश्न एका सभासदांनी विचारला होता. ते आता सभासद नाहीत.)

पायवाट आखताना पहिली अडचण मातीची आली. नदीकाठी माती असते. ती बुटांना लागते, बुटांची गाडीला लागते, आणि गाडी खराब झालेला माणूस नदीबद्दल चांगले बोलत नाही. तेव्हा काठाला फरशी बसवावी, असे अध्यक्षांनी सुचवले. त्यांच्या गोदामात फिकट गुलाबी फरशी योगायोगाने पडूनच होती. (ही फरशी मुळात न्हाणीघराच्या भिंतीसाठी बनवलेली असल्याने ओली झाली की पायाखालून निसटते. पण तिच्यावरून घसरलेल्यांपैकी बहुसंख्य लोक नदीच्या दिशेने घसरले, यातच सारे आले.)

लोक घसरतात म्हणून कठडा आला. कठडा आल्यावर तो रिकामा दिसू लागला, म्हणून त्यावर माहितीफलक आले. 'हा खंड्या. कृपया शांतता राखा, तो बुजतो,' हा फलक लावण्यासाठी कठड्याला यंत्राने भोके पाडावी लागली. त्या आवाजाने खंड्या जो उडाला, तो परत आला नाही. पण फलक जागेवर आहे, सर्व ऋतूंत दिसतो, आणि पक्ष्यापेक्षा कितीतरी जवळून पाहता येतो. फलकांची संख्या पुढे इतकी समाधानकारक झाली की मधून नदी दिसेना. मग दोन फलकांत एक हातभर फट ठेवून तिथे 'येथून नदी दिसते' असा फलक लावला. सुट्टीच्या दिवशी त्या फटीपुढे रांग असते. रांगेतल्या लोकांना नदीचे महत्त्व आता कुठे पटू लागले आहे.

जलवाटही तितकीच देखणी आहे. रंगीत होड्या, रंगीत वल्ही, रंगीत सुरक्षा जाकिटे. होडीत बसण्यापूर्वी नदीविषयी व्याख्यान असते आणि ते मीच देतो. व्याख्यान संपेपर्यंत ऊन चढते आणि बरेचसे वल्हवणारे पार्किंगकडे परततात, त्यामुळे पाण्यावर अनावश्यक ताण येत नाही. जे उरतात ते धक्क्यापासून लाल पिंपापर्यंत जातात, पिंपाला वळसा घालतात आणि परत येतात. उतरताना चुकून पाणी अंगाला लागलेच, तर पुसायला टॉवेल ठेवला आहे.

थोडक्यात, एवढ्या लांब वाटेवर माणसाला नदीला हात लावता येईल अशी एकही जागा आम्ही शिल्लक ठेवली नव्हती. एक सोडून. ती जागा म्हणजे माझ्या आत्याच्या पायऱ्या.

आत्याचे घर काठाला लागून आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, पडवीत पायमशीन. आयुष्यभर तिने शिवणकाम केले. अर्ध्या शहराचे शाळेचे गणवेश तिच्या हातचे असायचे. दिवसभर मशीन मारून संध्याकाळी पाय असे भरून यायचे की जमिनीला टेकवत नसत. म्हणून लग्न झाल्याच्या वर्षीच आतोबांनी नदीच्या पात्रातले चपटे दगड निवडून, एकेक पाठीवर वाहून, घराच्या मागच्या दारापासून पाण्यापर्यंत पायऱ्या रचल्या. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडात दगड बसवलेले. आतोबा गेले त्याला बरीच वर्षे झाली. आत्या अजून रोज संध्याकाळी मशीनवर कापड टाकून उठते, कठड्याचा म्हणून कधी विचारही न करता खाली उतरते, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर टाचा टेकवून बसते. इतक्या वर्षांत त्या दगडाला दोन टाचांचा खळगा पडला आहे. मी पोहायला तिथेच शिकलो. माझ्या कमरेला दोर बांधून त्याचे दुसरे टोक आत्या आपल्या मनगटाला गुंडाळायची आणि त्या खळग्यात पाय रोवून बसायची. मी बुडू लागलो की आधी शिवी द्यायची, मग दोर ओढायची.

(वरील परिच्छेदातील शेवटची माहिती समितीच्या कामाशी संबंधित नाही. ती अनवधानाने आली आहे.)

अडचण अशी झाली की दर्जा देण्यासाठी वरून मूल्यमापन पथक येणार होते, आणि पथकाच्या नियमात एक कलम होते: 'वाटेवर नदीशी अनियंत्रित मानवी संपर्क नसावा.' अध्यक्षांनी कलम वाचले, कठड्याच्या नकाशावर बोट फिरवले, आणि ते बोट आत्याच्या मागच्या दारापाशी येऊन थांबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. घरचाच माणूस असला की संस्थेला असा फायदा होतो.

मी आत्याकडे गेलो तेव्हा ती मशीनमध्ये दोरा ओवत होती. मी प्रस्तावना केली, नदीचे पर्यावरणीय महत्त्व सांगितले, मग कलम वाचून दाखवले.

"म्हणजे रे काय?" ती म्हणाली.

"म्हणजे तुझ्या पायऱ्यांशी कठडा घालून घ्यावा लागेल. नदीच्या भल्यासाठीच आहे."

"अरे शहाण्या, मी पाय बुडवते. नदीला काय होतंय त्यानं?"

"एकट्या तुझ्यामुळे काही होत नाही गं. पण उद्या सगळेच पाय बुडवायला लागले तर?"

"तर बसतील माझ्याशेजारी. जागा आहे की." तिने दातांनी दोरा तोडला. "आणि काय रे, ती गुलाबी फरशी घातली काठाला, तेव्हा नदीला काही झालं नाही का? परवा एक बाई अशी धप्पकन पडली! मी हळद लावून पाठवली तिला. म्हणे, निसर्ग बघायला आले होते."

मी म्हणालो की फरशीचा विषय वेगळा आहे.

"वेगळा असणारच. फरशीवाल्याचा आहे." मग तिने चष्मा काढला. "सोन्या, गुडघे गेले माझे. रस्त्याच्या कडेनं चालवत नाही, जिना चढवत नाही. एवढ्या पायऱ्या तेवढ्या उतरता येतात, कारण डोळे मिटून पाय पडतो. त्यांनी तशा मापानं रचल्यात. तेवढ्या ठेव. बाकी तुमच्या नदीचं काय ते भलं करा."

मला त्या वेळी गलबलून आले, हे नमूद करण्यास हरकत नाही. पुढच्याच बैठकीत मी आत्याची बाजू अशी लावून धरली की समितीत तोवर कोणी कशाची धरली नव्हती. मी दाखवून दिले की कलम 'अनियंत्रित' संपर्काविरुद्ध आहे. संपर्क नियंत्रित केला, की कलमाचे समाधान होते आणि बाईचे पायही बुडतात. अखेर पायऱ्यांना 'अधिकृत स्पर्शस्थळ' घोषित करण्यात आले. आत्याने पाय बुडवताना सुरक्षा जाकीट घालावे, एवढीच अट घातली गेली. (पाणी तिथे घोट्याएवढे आहे. पण नियम खोलीप्रमाणे बदलत गेले तर नियमांना काही खोली राहत नाही, असे अध्यक्ष म्हणाले.) शेजारी फलक लावला. आत्याने कुरकुर न करता ते नारिंगी जाकीट घातले, त्याची काख उसवून आपल्या मापाने पुन्हा शिवून घेतली, आणि संध्याकाळी खळग्यात टाचा ठेवून बसली. होड्यांतले लोक तिचे फोटो काढू लागले.

"आता नक्की ना?" तिने मला विचारले. "उद्या पुन्हा कलमबिलम घेऊन यायचा नाहीस?"

"आत्या, तुझ्या पायऱ्यांना कोणी हात लावणार नाही. माझा शब्द."

आता स्वच्छता रविवारांकडे वळू. समितीचा तो सर्वांत यशस्वी उपक्रम आहे आणि तो आपल्याला माहीत असेलच. आपणही आला असाल.

पहिल्या स्वच्छता रविवारी लोटलेली गर्दी पाहून मला भरून आले होते. लोकांनी हातमोजे घातले, पोती घेतली आणि दुपारच्या आत नदीकाठ आरशासारखा केला. हीच आमची चूक झाली. दुसऱ्या रविवारी तितकेच लोक आले आणि काठावर कचराच नव्हता. एका चपलेवरून दोन कुटुंबांत ओढाताण झाली. (चप्पल कचरा नव्हती. तिसऱ्या कुटुंबातील आजोबांनी ती नुकतीच पायातून काढून ठेवली होती.) लोकांच्या तक्रारी आल्या आणि त्या रास्त होत्या. 'आम्ही मुलांना घेऊन एवढ्या लांबून येतो, त्यांना संवर्धनाची गोडी लागावी म्हणून, आणि इथे साधी बाटलीसुद्धा मिळत नाही.' 'आमच्या कार्यालयाच्या गटाला मोकळ्या पोत्यांसह फोटो काढावा लागला, त्यामुळे कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य खचले.' 'व्यवस्थापन ढिसाळ आहे.'

स्वच्छ नदीमुळे नदीवरचे प्रेम अडून राहावे, हे समितीला मान्य होण्यासारखे नव्हते. आम्ही 'कचरा उपलब्धता उपसमिती' नेमली. तिने थोड्याच काळात प्रशंसनीय काम केले. शनिवारी संध्याकाळी कचरा काठावर मांडला जाई आणि रविवारी सकाळी तो उचलला जाई. मग तो धुऊन, वाळवून, पुढच्या शनिवारपर्यंत समितीच्या मागच्या खोलीत ठेवला जाई. कचऱ्याचे निकष ठरलेले होते. तो हलका असावा, त्याला वास नसावा, कडा बोथट असाव्यात, आणि रंग पाण्याच्या रंगात मिसळून जाणारा नसावा, म्हणजे फोटोत उठून दिसतो. लहान मुलांसाठी खाली वाकावे लागणार नाही अशा बेताने झुडपांवर पिशव्या अडकवल्या जात.

या सगळ्यात मानाची वस्तू म्हणजे टायर. अध्यक्षांच्या जुन्या गाडीचा तो टायर पाण्यात अर्धा बुडेल असा ठेवत. तो ज्या गटाला सापडे, त्या गटाचा आनंद गगनात मावत नसे. 'कोण टाकतं हो असले टायर नदीत? लोकांना लाजच नाही,' असे प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणे, आणि त्या वेळी अध्यक्ष मान खाली घालून खिन्नपणे हो म्हणत. एका पाहणीनुसार, ज्यांनी टायर ओढून काढला त्यांच्यात नदीविषयीची आपुलकी नुसते चालणाऱ्यांपेक्षा तिपटीने अधिक आढळली. (पाहणी टायर ओढून काढणाऱ्यांनीच केली.) जाताना आठवण म्हणून प्रत्येकाला काठावरचा एक छोटा दगड घरी नेण्याची मुभा असे. दगड फुकट असतात, आणि नदीचा तुकडा घरात असला की माणूस तिला विसरत नाही.

मूल्यमापन पथकाची तारीख आली आणि आम्ही तो रविवार महास्वच्छता रविवार म्हणून जाहीर केला. स्वयंसेवकांना निळी बिनबाह्यांची जाकिटे द्यायचे ठरले. ती शिवायचे काम आत्याला दिले. तिने महिनाभर पडवीत बसून ढीग शिवला. पाय इतके सुजले की दोनदा मशीन थांबवून दुपारीच पायऱ्यांवर जाऊन बसली. "ओझी उचलायला वाकणार ना ही पोरं," ती म्हणायची, "मग काखेत सैल हवं. दुकानातलं नेमकं तिथंच काचतं." मी तिला म्हणालो की एवढी बारीक काळजी कोणी बघत नाही. "बघू नये," ती म्हणाली. "काचलं तरच माणूस कपड्याकडे बघतो."

शनिवारी संध्याकाळी उपसमितीने आजवरचा सर्वोत्तम कचरा मांडला. अध्यक्ष स्वतः फिरून पाहून गेले. दोन बाटल्या फार जवळजवळ पडल्या आहेत, त्या नैसर्गिक वाटत नाहीत, एवढीच त्यांनी सूचना केली. टायर दोराने बांधून ठेवला, कारण तो एकच होता.

त्या रात्री नदीने कोणालाही पूर्वकल्पना न देता वरच्या अंगाला पाऊस होऊ दिला. सकाळी पाणी ओसरले होते, पण जाताना ते सगळा कचरा घेऊन गेले होते. बाटल्या नाहीत, पिशव्या नाहीत. टायरही दोरासकट गेला. (तो खालच्या शहराच्या समितीला सापडला. त्यांनी तो आपल्या कामगिरीत दाखवला आणि अद्याप परत केलेला नाही. माणसे इतकी खालच्या पातळीला जाऊ शकतात.) खंड्याचा फलक वाकला होता. 'अधिकृत स्पर्शस्थळ' हा फलक तर गेलाच होता, आणि आत्याच्या पायऱ्यांवर वीतभर गाळ बसला होता. बाकी काठ इतका स्वच्छ होता की बघवत नव्हते.

पार्किंगमध्ये एकामागून एक बस लागत होत्या. आत्या टेबलाशी बसून एकेकाला जाकीट देत होती, माप बघून, "हे घे बाळा, हे तुला होईल," असे म्हणत. पथकप्रमुख बाई येऊन खुर्चीत बसल्या. शेकडो निळी जाकिटे हातमोजे चढवून काठावर पसरली आणि इकडेतिकडे पाहू लागली. कचरा नव्हता. एकाने सुकलेले पान पोत्यात टाकले. दुसऱ्याने त्याला हटकले की पान हा कचरा धरतात का. अध्यक्ष माझ्या कानाशी लागून म्हणाले, "चिटणीस, काहीतरी करा हो, इज्जतीचा पंचनामा होईल."

तेवढ्यात आत्याच्या घराच्या मागच्या बाजूने आरोळी आली, "इकडे आहे! इकडे राडारोडा आहे!"

गाळातून दगडाचा एक कोपरा वर आला होता. कोणीतरी तो हलवून पाहिला आणि तो हलला. सिमेंट नव्हतेच, सांगितले ना. पहिला दगड वर आला तेव्हा टाळ्या पडल्या. दुसरा वर आला तेव्हा साखळी तयार झाली, हातातून हातात दगड जाऊ लागले, मुले ओरडून मोजू लागली, आणि टायरमुळेसुद्धा कधी दिसला नव्हता असा उत्साह काठावर पसरला. पथकप्रमुख बाई खुर्चीतून उठून आल्या. "कमाल आहे," त्या म्हणाल्या. "कुणी टाकला असेल हा राडारोडा?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगणारच होतो. तोंड उघडलेही होते, ते फोटोत स्पष्ट दिसते. पण त्याच क्षणी बाई म्हणाल्या की लोकांचे नदीवर असे प्रेम त्यांनी आजवर कुठेही पाहिलेले नाही, आणि त्या वहीत काहीतरी लिहू लागल्या. त्या लिहीत असताना बोलणे बरे दिसले नसते. त्यामुळे फोटोत मी जयघोष करतो आहे असे वाटते.

मी आत्याला शब्द दिला होता की पायऱ्यांना कोणी हात लावणार नाही. या संदर्भात एवढेच निदर्शनास आणून देतो की त्या दिवशी सर्वांनी हातमोजे घातले होते.

सगळी जाकिटे वाटून झाल्यावर आत्या घराकडे आली. गर्दी पांगली होती. मागच्या दारात ती उभी राहिली. समोर पायऱ्यांच्या जागी ओल्या चिखलाचा उतार होता. तिने दाराची चौकट धरून एक पाय पुढे टाकून पाहिला, तो घसरला, तिने तो मागे घेतला. मी जवळच होतो.

"झाली का नदी स्वच्छ?" तिने विचारले.

"झाली."

"बरं झालं." ती पाण्याकडे वळली. "सोन्या, मी आता कुठून उतरू रे?"

मी म्हणालो की याबाबत पुढच्या बैठकीत सकारात्मक विचार करू. तिने मला शिवी दिली नाही. लहानपणापासून मी तिला ओळखतो. शिवी न देता दोर सोडून द्यायची तिची ही पहिलीच वेळ होती. मला फार वाईट वाटले. (याची इतिवृत्तात नोंद नाही.)

दर्जा मिळाला. 'आदर्श नदीवाट' अशी पितळी पाटी आली आणि ती खंड्याच्या जागी बसवली. आत्याच्या दारामागे गुलाबी फरशी व कठडा घालून वाट अखंड करण्यात आली. काढलेल्या दगडांचे पार्किंगच्या तोंडाशी शिल्प उभारले आहे. एकावर एक, वर चढत गेलेले दगड, आणि खाली फलक, 'नदीच्या पोटातून काढलेला कचरा'. ते रचणाऱ्या कलाकाराने म्हटले की याला पायऱ्यांसारखा आकार का कुणास ठाऊक आपोआपच येतो.

आत्या आता संध्याकाळी कठडा धरधरून तिथे येते. जिना चढवत नाही, पण हे दगड चढवतात, डोळे मिटून. वर बसते, गाड्यांकडे तोंड करून. येणारे लोक विचारतात की शिल्पासोबत ही बाई समितीने बसवली आहे का, आणि मी हो म्हणतो, कारण त्याने समितीचे नाव होते. पाय मात्र ती खाली टेकवत नाही. टेकवायला दगड नाही. सगळ्यात खालची पायरी, ती टाचांच्या खळग्याची, शिल्पात नाही. आली की आधी ती सगळ्या दगडांवरून हात फिरवून तीच शोधते, रोज, जणू आदल्या दिवशी नजरचूक झाली असेल.

तेव्हा हा विषय आपल्याकडे येतो.

आपण आला होतात. नाही म्हणू नका. साखळीच्या फोटोत शेवटी उभे आहात, हातात तोच दगड आहे, आणि चेहऱ्यावर इतके निखळ समाधान आहे की पथकाने आपल्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो घेतला. आठवण म्हणून छोटा दगड नेण्याची मुभा होती. आपण थोडा मोठा नेलात. त्याबद्दल समितीची तक्रार नाही, नदीप्रेमाला माप लावणारे आम्ही कोण? तो आपल्या बाल्कनीत कुंडीखाली छान बसला असेल. मधोमध खोलगट असल्याने कुंडी हलत नाही आणि पाणी खाली सांडत नाही. आल्यागेल्यांना आपण तो दाखवता, नदी वाचवायला गेलो होतो तेव्हाचा आहे म्हणून सांगता. खरेच आहे ते.

मी आत्याला फोटो दाखवला. वाटले, ती दगड परत मागेल. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले, पण तिचे लक्ष दगडाकडे नव्हतेच. वजन उचलताना आपले दोन्ही खांदे वर गेले आहेत, ते ती पाहत होती. परत काही नको म्हणाली, आता ठेवायला काठ कुठे आहे. जाकीट काखेत काचले नाही ना, एवढेच तिने आपल्याला विचारायला सांगितले आहे.